पाण्यात राहिलेलं जाळं: शोधायचं कसं, काढायचं कसं आणि मुळात राहू द्यायचं नाही ते कसं

एप्रिल संपता संपता कृष्णेचं पाणी उतरलं की आमच्या बंधाऱ्याखालचे खडक उघडे पडतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी कपारीत शेवाळाचा हिरवट गोळा दिसला. काठीनं उचलायला गेलो तर तो लांबतच गेला. तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं जाळं होतं. वरच्या दोराला बोये, म्हणजे तरंगते, म्हणून जुन्या चपलेचे तुकडे बांधलेले, खालच्या दोराला शिशाचे मणी. शेवाळ बाजूला करत गेलो तसं आतलं एकेक दिसायला लागलं. शिंगट्या माशाची दोन डोकी, खेकड्यांच्या नांग्या, टिबुकली या पाणपक्ष्याचा अख्खा सांगाडा. आणि अगदी टोकाला ताटलीएवढं कासव, जिवंत. मानेच्या घडीत तंगूस इतका रुतला होता की दोरा दिसत नव्हता, फक्त लाल रेघ दिसत होती. छोट्या कात्रीनं एकेक फास कापून ते मोकळं करायला अर्धा तास गेला.

जाळ्यावर कुणाची खूण नव्हती. किती दिवस ते तिथं मासे मारत होतं, कोण जाणे.

हरवलेल्या जाळ्यांवर आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक समुद्राबद्दल आहे आणि ते बरोबरही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २००९ च्या अहवालात जगभरच्या समुद्रात दरवर्षी सुमारे ६ लाख ४० हजार टन मासेमारीचं साहित्य हरवतं किंवा टाकलं जातं, असा अंदाज दिला होता. बोटीवरून प्लास्टिकची जाळी समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय करारानं १९८८ पासून बंदी आहे. जाळ्यांवर मालकाची खूण कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये आली. कोकण किनाऱ्यावर जाळ्यात कासव किंवा देवमुशीसारखा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो सोडला, तर शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं.

सातारा-सांगलीला समुद्र नाही. मग आपला याच्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला लोक पटकन उत्तर देतात की आपली नदी शेवटी समुद्रालाच मिळते. मला ते उत्तर अपुरं वाटतं. कृष्णा महाबळेश्वरहून निघून जवळजवळ १४०० किलोमीटर वाहते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते हे खरं. पण वाटेत अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर आहे, सगळी मोठी धरणं. सांगलीत सुटलेलं जाळं समुद्रापर्यंत जाण्याची शक्यता फार थोडी. ते इथंच राहतं, बंधाऱ्याच्या बर्ग्यांत (पाणी अडवायच्या फळ्यांत), धरणात बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर, डोहाच्या तळाशी. नुकसान होतं ते आपल्या माशांचं, आपल्या मगरींचं, आपल्या भोई बांधवांच्या पोटाचं. म्हणून ते काढणंही आपल्याच हातात आहे.

जाळं पाण्यात राहिलं की काय होतं

पूर्वी जाळी सुती असत. हरवलं तरी सूत काही महिन्यांत कुजायचं. नायलॉन कुजत नाही. ते पाण्यापेक्षा जड आहे, घनता १.१४, त्यामुळं तळाला जातं. पण वरचे बोये त्याला उभं धरून ठेवतात. मग कुणी न ओढता ते मासे धरत राहतं. अडकलेला मासा मरतो, त्याच्या वासानं खेकडे, वाम, कासवं येतात, त्यातली काही अडकतात. त्यांच्यामागे पाणमांजर नाहीतर मगर येते. ओझं वाढलं की जाळं खाली कोसळतं, आतलं कुजून गेलं की बोये त्याला पुन्हा थोडं वर उचलतात आणि पुन्हा तेच. शेवाळ इतकं धरलं की माशाला ते भिंतीसारखं दिसू लागतं, तेव्हाच हा फेरा मंदावतो. जाळ्यांचे जाड दोर मात्र बहुतेक पॉलिथिलीनचे असतात. ते पाण्यापेक्षा हलके, म्हणून तुटले की वर तरंगतात आणि होडीच्या पंख्यात जाऊन गुंततात.

हरवू नये म्हणून आधी काय करायचं

हरवलेलं जाळं शोधण्यात जेवढा घाम जातो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात ते हरवण्यापासून वाचवता येतं. म्हणून सुरुवात इथून.

जाळ्यावर खूण करा. धरणाचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचं छोटं नाव आणि सभासदाचा क्रमांक एवढं पुरे. जुन्या पाण्याच्या कॅनचा दोन बोटं रुंद तुकडा कापायचा, तापलेल्या खिळ्यानं त्यावर अक्षरं डागायची, दोन भोकं पाडायची आणि वरच्या दोराला दोन्ही टोकांना नि मध्ये एक असे तीन बिल्ले घट्ट बांधायचे. शाईनं लिहिलेलं एका हंगामात जातं, डागलेलं टिकतं. खूण म्हणजे पकडलं जाण्याची भीती, असं काहींना वाटतं. संस्थेनं पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं की बिल्ला जाळं परत मिळण्यासाठी आहे, दंडासाठी नाही. आणि ते पाळावं. एकदा जरी कुणाला खूण बघून दंड केला, तरी पुढच्या वर्षी एकही बिल्ला दिसणार नाही.

टोकाला दिसेल असा बोया ठेवा. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या उन्हानं वर्षभरात चिरतात, पाणी भरतं, बुडतात आणि जाळं कुठं लावलं हेच कळेनासं होतं. झाकण घट्ट असलेला पाच लिटरचा जाड कॅन, त्याला रंगीत कापडाची पट्टी, हे जास्त टिकतं.

बोये सुती दोऱ्यानं बांधून बघा. ही युक्ती समुद्रातल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवरून सुचलेली आहे. तिथं पिंजऱ्याच्या एका बाजूला मुद्दाम कुजणारी दोरी लावतात, म्हणजे पिंजरा हरवला तर ती कुजून दार उघडतं. आपल्या जाळ्यात बोये सुती दोऱ्यानं बांधले, तर जाळं हरवल्यावर दोरा कुजतो, बोये सुटतात आणि जाळं उभं न राहता तळाला बसतं. उभ्या जाळ्यापेक्षा आडवं जाळं खूप कमी मारतं. तोटा एकच: वापरातल्या जाळ्याचे दोरे दर पंधरा दिवसांनी ओढून बघावे लागतात आणि सैल झालेले बदलावे लागतात. हे काम संध्याकाळी जाळं वाळत घालताना होतं.

आता पाण्याचा अंदाज. आपल्याकडे सगळ्यात जास्त जाळी जातात ती पावसाळ्यात, धरणातून विसर्ग सुरू झाला की. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी, हे लहान पोरांनाही पाठ असतं. पण जाळ्याची इशारा पातळी त्याच्या फार आधी येते. कोयनेचे दरवाजे उघडणार अशी सूचना आली, की त्याच दिवशी जाळी बाहेर. "रात्रभर राहू दे, सकाळी काढू" या एका वाक्यानं किती जाळी गेली असतील! २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या बाभळींना इतक्या उंचीवर जाळी लटकली होती की ती काढायला शिडी लागली.

खुंटांच्या जागी जाळं लावू नका. धरणात जुनी गावं, शेतांचे बांध, झाडं बुडालेली आहेत. कुठं काय आहे हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. आमच्या घाटावरचे एक भोई तात्या नकाशाशिवाय सांगतात, "इथं चिंच होती, तिथं विहीर." असं कुणी तुमच्या गावात असेल तर त्यांना होडीत बसवून एकदा फिरवा आणि वहीत लिहून घ्या. ती माहिती त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

हरवलं, तर पहिले दोन दिवस

सगळ्यात मोठी अडचण जाळं सापडत नाही ही नसते. सांगितलंच जात नाही, ही असते. एक तर लाज वाटते. दुसरं, जिथं लावायचं नव्हतं तिथं लावलेलं असतं. तिसरं, तयार जाळं किलोवर मिळतं आणि तात्पुरता खर्च सोसण्याजोगा वाटतो. तर संस्थेत एक वही ठेवा. कुणाचं जाळं, कुठं, केव्हा, किती लांब, आस (जाळ्याचा डोळा) केवढा, पाणी अंदाजे किती खोल, एवढंच लिहायचं. का हरवलं हे विचारायचं नाही. मोबाइलवर जागेचा बिंदू टिपता येतो; तो नसेल तर काठावरच्या दोन खुणा लिहा, जसं की "देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी एका रेषेत."

पहिल्या दोन दिवसांत जाळं बहुतेक जागेवरच असतं, फार गुंतलेलं नसतं आणि त्यात कमी जीव अडकलेले असतात. आठवड्यानं गेलात तर तेच काम तिप्पट होतं.

गळ बनवा

विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ घरोघरी होता, काही घरांत अजून आहे. तोच मोठा करायचा. बारा मिलिमीटरच्या सळईचे चार आकडे, फूटभर लांबीच्या मधल्या दांड्याला वेल्डिंग करून. टोकं बोथट ठेवा. जाळं धरायला धार लागत नाही आणि धार असली की आपलाच हात फाटतो. दांड्याच्या वरच्या टोकाला कडी, तिला हातभर साखळी आणि मग दोर. साखळीच्या वजनानं गळ तळाशी आडवा राहतो. साखळी नसेल तर तो उचलला जातो आणि जाळ्यावरून घसरून जातो. पहिल्या वेळी आम्ही ती लावली नव्हती आणि दिवस फुकट गेला.

दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट हवा. वीस फूट पाणी, तर साठ फूट दोर.

काढायला जाताना

तीन माणसं कमीत कमी. एक होडी धरायला, एक ओढायला, एक विळा घेऊन नुसतं बघायला. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, पोहता येत असलं तरी. विळा दोरीनं मनगटाला बांधलेला. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हे काम करू नका. जाळं ओढताना तराफा कलतो आणि माणूस थेट त्याच जाळ्यात पडतो. डुबी मारून जाळं सोडवायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यानंही नाही. गढूळ पाण्यात तंगूस दिसत नाही, आणि एक पाय अडकला की दुसरा आपोआप झाडला जातो आणि तोही अडकतो.

चुकून कुणी अडकलंच, तर पाय झाडायचे नाहीत. श्वास सांभाळून स्थिर राहायचं, विळ्याची टोकदार बाजू अंगापासून बाहेर ठेवून एकेक दोरा कापायचा.

कृष्णेवर जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि घरट्याजवळ थांबून राखण करते. म्हणजे पाणी कमी असतं आणि जाळी दिसतात, नेमका तोच काळ. काठावर घसरल्याची गुळगुळीत वाट दिसली, ताजी उकरलेली माती दिसली, तर ती जागा सोडा आणि वनखात्याला कळवा. या पट्ट्यात पाण्यात उतरून काम करू नका, होडीतूनच करा आणि सूर्य वर आल्यावर करा.

कोयनेचं शिवसागर आणि चांदोलीचं वसंतसागर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात. तिथं जाळं दिसलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. कळवणं एवढंच आपलं काम.

प्रत्यक्ष ओढणं

जाळं लांबीला जसं लावलं होतं, त्याच्या आडव्या रेषेत गळ ओढायचा. समांतर ओढलात तर दिवसभर त्याच्या शेजारून जाल आणि गळ रिकामाच येईल. प्रवाह असेल तर शेवटच्या ठाऊक असलेल्या जागेपासून खालच्या बाजूला सुरुवात करा. हळू. चालत्या माणसापेक्षाही हळू. इंजिन असेल तर बंद करून वल्ह्यानं जा, नाहीतर वर आलेलं जाळं पंख्यात जाईल.

गळ अडकला की हाताला कळतं. खडक किंवा खुंट एकदम थांबवतो, दोर ताठ होतो. जाळं थोडं देतं, लवचीक आणि जड लागतं, ओल्या घोंगडीसारखं. हे एकदा अनुभवलं की पुन्हा चुकत नाही. ओढायचं ते होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून. बाजूनं ओढलंत तर होडी कलते. दोर हाताला गुंडाळून घ्यायचा नाही, कितीही जोर लागला तरी.

अडकून बसलं तर विरुद्ध दिशेनं ओढून बघा. तरीही नाही आलं तर जेवढं वर आलंय तेवढं कापून घ्या, उरलेल्याला बोया बांधा, वहीत नोंद करा आणि मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर या. धरणाचं पाणी उतरतं तेव्हा जे काम दहा माणसांना जमलं नाही ते दोन माणसं कोरड्यावर उभं राहून करतात. बंधाऱ्याचे बर्गे काढायचे दिवस पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारून ठेवा. बर्ग्यांत अडकलेली जाळी त्या दिवशी सहज हाताला लागतात.

एक जाळं मात्र सोडून द्यायचं असतं. पूर्ण गाळात गेलेलं, वर काहीच उभं नाही, दोन-तीन वर्षांचं. ते उपसताना तळाचा गाळ आणि त्यातले जीव उगाच ढवळले जातात. गाळाच्या वर जे उभं आहे तेवढंच कापून आणा.

आत जिवंत काही असेल तर

जाळं एकदम होडीत ओढू नका. पाण्याच्या पातळीवर आणून आधी बघा. मासा असेल तर पाण्यातच फास कापून सोडा. आपल्या कामाचा वेग जातो, जाऊ दे.

पक्षी असेल तर आधी डोळ्यांवर ओलं नसलेलं फडकं टाका, तो शांत होतो. बगळा, करकोचा, पाणकावळा असेल तर आधी चोच धरा. ते घाबरून डोळ्यावर टोचतात. दोरा ओढायचा नाही, कापायचा. बोथट टोकाची कात्री वापरा आणि प्रत्येक तुकडा काढला का ते पिसं बाजूला करून पुन्हा बघा. पंखाखाली राहिलेला एक फास दोन दिवसांत मांसात जातो. तोंडातून दोरा आत गेलेला असेल, तर तो ओढू नका. वीतभर ठेवून कापा आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. आत मासे धरायचा गळ असेल तर ओढल्यानं आतडं फाटतं.

कासव मागच्या बाजूनं दोन्ही हातांनी धरा. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्यापेक्षा खूप लांब येते आणि ते जोरात चावतं.

मगर किंवा पाणमांजर अडकलं असेल तर हात लावू नका. लोकांना लांब ठेवा, मोबाइल काढून गर्दी करणाऱ्यांना आधी. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फुकट आहे. येईपर्यंत जाळ्याचं टोक काठाला बांधून ठेवलंत, तर जनावर जाळ्यासकट खोल पाण्यात जाणार नाही, पण तेही फक्त लांबून जमत असेल तरच.

काढलेल्या जाळ्याचं काय

आधी मालक. बिल्ला असेल तर जाळं त्याचं, विचारपूस न करता परत द्या. बिल्ला नसेल तर संस्थेत आठवडाभर ठेवा. दुसऱ्याच्या पाण्यात लावलेलं चालू जाळं आपण होऊन काढायचं नाही, ते चोरीच ठरतं. बेकायदा वाटलं तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

जाळायचं नाही. नायलॉन जळताना विषारी वायू निघतो, त्यात हायड्रोजन सायनाइडही असतो. काठावर ढीग करून पेटवायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडायलाच हवी.

शिशाचे मणी सोडवून वेगळे काढा आणि पुन्हा वापरा. ते जमिनीत किंवा पाण्यात पडू देऊ नका, शिसं विष आहे. ते वितळवून नवीन मणी ओतायचं काम घरात, चुलीवर, पोरांसमोर कधीही करू नका. दोर धुऊन वाळवले की पुन्हा उपयोगी पडतात, भंगारवालाही घेतो. तंगूसाच्या जाळ्याला मात्र लहान भंगारवाला नाही म्हणतो, कारण माती आणि शेवाळ असतं. ते झटकून, धुऊन, सुकवून पोत्यात भरा आणि गावोगावच्या संस्थांनी मिळून साठवा. नायलॉनचा पुनर्वापर होतो, पण पोतंभर मालासाठी कुणी येत नाही, टेम्पोभर असेल तर बोलणं होतं.

आणि ही गोष्ट तासगाव, पलूस, खटावच्या शेतकऱ्यांसाठी. जुनं जाळं फुकट मिळतं म्हणून द्राक्षबागेला, परसातल्या भाजीला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावू नका. पाण्यातला मृत्यू आपण शेतात आणतो. जमिनीला टेकलेल्या तंगूसात धामण अडकते. पुढं जाता येत नाही आणि खवल्यांमुळं मागं सरकता येत नाही, उन्हात तडफडून मरते. मी स्वतः एका बागेच्या कुंपणातून धामण सोडवली आहे, अंगावर अकरा ठिकाणी फास होते. जी धामण वर्षभर तुमच्या शेतातले उंदीर खाते, तिच्यासाठी हा सापळा आपणच लावतो. जाळी लावायचीच असेल तर जाड दोऱ्याची, ताणून बांधलेली आणि जमिनीपासून वीतभर वर घ्या. हंगाम संपला की त्याच दिवशी उतरवा.

वही पुढंही चालू ठेवा. काढलेल्या प्रत्येक जाळ्याची जागा, लांबी, आस, दोऱ्याचा प्रकार आणि आत काय सापडलं ते लिहा. आमच्या वहीत दोन उन्हाळ्यांनंतर दिसलं की निम्म्याहून जास्त जाळी एकाच वळणावर मिळाली, जिथं पाण्याखाली जुना पडका घाट आहे. आता तिथं कुणी जाळं लावत नाही. त्या वळणावर काठाला एक बांबू रोवलाय, त्याला लाल फडकं बांधलंय, आणि पावसाळ्यानंतर ते नव्यानं बांधायचं काम तात्यांच्या नातवाकडे आहे.